पावसाळ्यात श्रीवर्धन, मुक्काम कॅराव्हॅनमध्ये

आमच्या संभाजीनगरात वर्षाकाठी साधारण ७०० मिलिमीटर पाऊस, आणि नळाला पाणी कधी येणार यावर घरची कामं ठरतात. रायगडात ३,००० च्या वर पडतो. त्या पावसात मनसोक्त राहायचं म्हणून जुलैत भाड्याची कॅराव्हॅन घेऊन श्रीवर्धन गाठलं आणि एका नारळ-सुपारीच्या वाडीत मुक्काम ठोकला.

१. ताम्हिणी घाट दिवसाउजेडी उतरा. धुक्यात उंच गाडीला रस्त्याची कड दिसत नाही.

२. गाडी कुठे लावायची ते वाडीवाल्यांना ठरवू द्या. आमच्या वाडीच्या यजमान काकू छत्री घेऊन बाहेर आल्या. "नारळाखाली नको हो दादा, झावळी कधी पडेल नेम नाही." त्यांनी मुरूम टाकलेली जागा दाखवली; तिथे चाकं रुतत नाहीत. पावसाळी वारा नैर्ऋत्येचा, म्हणून गाडीची पाठ तिकडे, दार ईशान्येला, आणि ताडपत्री दाराच्या बाजूने उतार देऊन. याच वाडीतली झाडं ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आडवी झाली होती. नव्याने लावलेल्या सुपारीला फळ धरायला पाच-सात वर्षं लागतात. रोपांच्या ओळीत गाडी घालू नका, एवढं तरी आपण पाळायलाच हवं.

३. ओल सगळीकडे शिरते. काडेपेटी तांदळाच्या डब्यात ठेवा. गॅस पेटवताना समोरासमोरच्या दोन खिडक्या बोटभर उघड्या हव्यातच. छतावरच्या सोलरवर विसंबू नका.

४. किनाऱ्यावर जाण्याआधी तिथी बघा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ कळते: चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. अमावास्या-पौर्णिमेला उधाण. वाळूवर गाडी नेऊच नये.

५. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. ताज्या पापलेटसाठी हट्ट धरू नका. काकूंकडचं सुकटीचं कालवण आणि तांदळाची भाकरी यांपुढे मला तरी काही सुचलं नाही.

६. सर्वांत महत्त्वाचं. इथे वाडीला पाणी विहिरीचं आणि घरात पिण्यालाही तेच. जमीन पावसाने भरलेली असते. वर टाकलेली घाण झिरपत विहिरीत जाते. संडासाची टाकी वाडीत, ओढ्यात, रस्त्याकडेला कुठेही रिकामी करू नका. ती कुठे उपसता येईल हे निघण्यापूर्वीच फोन करून ठरवा. सोय झाली नाही, तर गाडीतला संडास बंद ठेवा आणि यजमानांच्या घरचा वापरण्याची परवानगी मागा.