व्यवसाय खात्याच्या नोंदी कशा तपासाव्यात?

आपल्या परभणी जिल्ह्यात पूर्णा, गंगाखेड, जिंतूर, सेलू, पाथरी अशा ठिकाणी आज अनेक तरुण आणि महिला बचत गट स्वतःचा व्यवसाय उभा करू लागले आहेत. कोणी शिलाई केंद्र काढते, कोणी झेरॉक्सचे दुकान, तर कोणी मसाला कांडप यंत्र बसविते. ही निश्चितच अभिमानाची गोष्ट आहे. परंतु कष्ट आणि जिद्द असूनही कधी कर्जाचे प्रकरण बँकेतून परत येते, तर कधी मालाचे पैसे अडकून पडतात. कारण शोधू जाता पुष्कळदा आढळते ते एवढेच की, कोठेतरी एक अक्षर किंवा एक आकडा चुकलेला असतो. ज्याच्या गाठीशी शिल्लक आहे त्याला आठ दिवसांचा उशीर सोसतो. ज्याचे हातावर पोट आहे त्याला तो सोसत नाही. म्हणून या लेखात आपण नोंदी तपासण्याचा क्रमवार विचार करू.

१) नाव : एकट्याच्या मालकीच्या व्यवसायाला वेगळे पॅन नसते, मालकाचे पॅन हेच व्यवसायाचे पॅन असते. त्यामुळे जीएसटीच्या प्रमाणपत्रावर दोन नावे दिसतात. कायदेशीर नाव मालकाचे आणि व्यापारी नाव दुकानाचे. यात विसंगती नाही. मात्र भागीदारी संस्था, कंपनी किंवा न्यास यांचे पॅन स्वतंत्र असते. तेथे एखाद्या भागीदाराचे पॅन दिले तर ती चूक ठरते.

दुसरी अडचण इंग्रजी स्पेलिंगची. कांबळे, वाघमारे, गायकवाड ही आडनावे दोन-तीन प्रकारे लिहिली जातात. कोठे आडनाव आधी येते, तर कोठे वडिलांचे नाव गाळलेले असते. विवाहानंतर महिलांचे नाव एका कागदावर बदलते, दुसऱ्यावर तसेच राहते. व्यवसाय सुरू करण्यापूर्वीच आधार, पॅन आणि बँक पासबुक यांवरील नाव एकसारखे करून घ्यावे.

२) पॅन : पॅनमध्ये एकूण १० चिन्हे असतात. प्रथम ५ अक्षरे, नंतर ४ अंक आणि शेवटी १ अक्षर. चौथे अक्षर धारकाचा प्रकार सांगते. पी म्हणजे व्यक्ती, एफ म्हणजे भागीदारी संस्था, सी म्हणजे कंपनी, टी म्हणजे न्यास. व्यक्तीच्या पॅनमध्ये पाचवे अक्षर आडनावाचे आद्याक्षर असते. शून्य आणि इंग्रजी ओ यांचा घोटाळा नेहमी होतो. परंतु कोणत्या जागी अक्षर आणि कोणत्या जागी अंक हे ठाऊक असले की तो घोटाळा आपोआप सुटतो.

३) जीएसटी क्रमांक : हा १५ चिन्हांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७ आणि तेलंगणाचे ३६. हैदराबादहून माल घेताना हा फरक ध्यानात ठेवावा. पुढील १० चिन्हे म्हणजे पॅनच होय. शेवटचे चिन्ह आधीच्या चौदा चिन्हांवरून गणिताने काढलेले असते, त्यामुळे एखादे चिन्ह चुकले तर संगणक बहुधा तो क्रमांक नाकारतो. परंतु क्रमांक बरोबर असला म्हणजे नोंदणी चालू आहे असे नव्हे. भिंतीवर प्रमाणपत्र टांगलेले असते आणि नोंदणी रद्द झालेली असते. जीएसटीच्या शासकीय संकेतस्थळावर क्रमांक टाकून नाव व सद्यःस्थिती त्याच दिवशी पाहावी.

४) बँकेचा तपशील : बँकेच्या शाखेचा आयएफएससी संकेत ११ चिन्हांचा असतो. पहिली चार अक्षरे बँकेची, पाचवे नेहमी शून्य आणि शेवटची सहा चिन्हे शाखेची. मराठवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या ज्या बँकेशी व्यवहार झाला ती स्टेट बँक ऑफ हैदराबाद १ एप्रिल २०१७ रोजी भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. त्यामुळे तिच्या शाखांचे जुने संकेत बदलले. जुन्या पासबुकावरून किंवा जुन्या बिलावरून संकेत उतरवणे म्हणूनच धोक्याचे आहे. नवे पासबुक किंवा रद्द केलेला धनादेश हाच आधार मानावा.

५) पत्ता : १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. वसमत, कळमनुरी येथील कुटुंबांच्या जुन्या कागदांवर अजूनही ‘जिल्हा परभणी’ असते. नव्या अर्जात आजचा जिल्हा लिहावा. जुना कागद जोडायचा असल्यास हा बदल अर्जात स्पष्ट नमूद करावा.

६) व्यवसायाचा पुरावा : एकमालकी व्यवसायाच्या नावे खाते उघडताना रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे मालकाच्या ओळखपत्रांखेरीज व्यवसायाचे दोन पुरावे साधारणतः लागतात. उद्यम नोंदणी, दुकान अधिनियमाची पावती, जीएसटी प्रमाणपत्र हे त्यांपैकी होत. १ जुलै २०२० पासून सुरू झालेल्या उद्यम नोंदणीला शासकीय संकेतस्थळावर कोणतेही शुल्क नाही. शासकीय शुल्क म्हणून कोणी पैसे मागितल्यास देऊ नयेत.

तपासणीची रीत : आपण स्वतः लिहिलेले स्वतःच वाचले तर डोळा चूक पाहत नाही, जे असावे तेच पाहतो. म्हणून दोघांनी बसावे. एकाने मूळ कागदावरून मोठ्याने वाचावे, दुसऱ्याने अर्जावर बोट ठेवून पाहावे. खाते क्रमांक चार-चार आकड्यांच्या गटांत वाचावा, नंतर उलट क्रमाने पुन्हा वाचावा. मोबाईलवर आलेल्या संदेशातून उतरवून घेऊ नये. मोठी रक्कम पाठविण्यापूर्वी एक रुपया पाठवून समोरच्याला दूरध्वनीवर विचारावे. तपासणीच्या नावाखाली कोणी ओटीपी मागितला तर तो सांगू नये, कारण नोंद तपासण्यासाठी आपला ओटीपी दुसऱ्याला सांगण्याची गरजच नसते.

विद्यार्थ्यांसाठी स्वाध्याय : (अ) जीएसटी क्रमांकात आठव्या जागी ओ लिहिला आहे. तो बरोबर आहे काय? (आ) सहाव्या जागी एफ आहे आणि दुकानदार म्हणतो, ‘मी एकटाच मालक.’ तुम्ही त्याला काय विचाराल? उत्तरे वरील मजकुरातच आहेत.

आपल्या घरात पहिल्यांदा दुकानाची पाटी लावणाऱ्या भावा-बहिणीजवळ बसून शिकलेल्या मुलामुलींनी अर्धा तास दिला, तरी त्यांचे कित्येक हेलपाटे वाचतील. शिक्षणाचा याहून रोकडा उपयोग तो कोणता?