जनावरांच्या कातडीचे विकार : पारख, उपचार आणि गोचिडींचा बंदोबस्त

गोठ्यात पाऊल टाकताच जाणता शेतकरी प्रथम जनावराच्या डोळ्यांकडे व अंगावरील केसांकडे पाहतो. केस तुकतुकीत असले आणि कातडी हाताला मऊ व सैल लागली, म्हणजे जनावराची प्रकृती ठीक आहे असे तो समजतो. उलट केस राठ व उभे दिसले, जागोजाग चट्टे पडले किंवा अंगावर गाठी आल्या, तर कोठेतरी काही बिघडले आहे हे त्याच्या ध्यानात येते. येथपर्यंत त्याचे चुकत नाही. चूक होते ती यापुढे. कातडीवर काहीही दिसो, त्यावर एकच ठरीव उपाय करावयाचा, अशी रीत पुष्कळ गावांत पडली आहे. कोणी इंजिनाचे जळके तेल चोपडतो, कोणी डिझेल लावतो, तर कोणी कपाशीवर फवारण्यासाठी आणलेले कीटकनाशकच पाण्यात कालवून जनावराच्या अंगावर ओततो. पिकावरील असे विषारी औषध कातडीतून अंगात भिनते, शिवाय जनावर ते चाटते. तोंडाला फेस येऊन, अंग थरथरून चांगली दुभती गाय काही तासांत दगावू शकते. गोचिडींपासून वाचविण्यास गेलो आणि गायच गमावून बसलो, अशी पाळी मग येते.

म्हणून या पाठात सांगावयाची मुख्य गोष्ट एवढीच की, आधी पारख करावी व मग औषध करावे. कातडीचे विकार वरवर सारखे दिसले, तरी त्यांची कारणे अगदी भिन्न असतात. एकाचे कारण कीड, दुसऱ्याचे बुरशी, तिसऱ्याचे विषाणू, तर चौथ्याचे रानातील एखादी वनस्पती. एकाचे औषध दुसऱ्यास लागू पडत नाही.

पाहणीची रीत

जनावर सावलीत पण भरपूर उजेडात बांधावे. डोक्यापासून शेपटीपर्यंत कातडीवर हात फिरवावा. कानाच्या आत, गळ्याच्या पोळीच्या घड्यांत, पुढच्या पायांच्या काखेत, कासेच्या मागे आणि शेपटीच्या बुडाशी मुद्दाम पाहावे. पाहताना पुढील पाच प्रश्न स्वतःस विचारावेत :

(१) विकार अंगाच्या कोणत्या भागावर आहे?
(२) त्याचा आकार कसा आहे? गोल चट्टा, गाठ, खपली की उघडा व्रण?
(३) जनावर अंग घासते काय? खाज किती आहे?
(४) ताप आहे काय? गायीबैलांचे गुदद्वारात थर्मामीटर लावून घेतलेले तापमान साधारणतः १०१ ते १०२ अंश फॅरनहाइट असते. ते १०३ अंशांच्या वर गेल्यास ताप आहे असे समजावे. भर उन्हातून आलेले जनावर थोडा वेळ विसावल्यावरच तापमान घ्यावे.
(५) गोठ्यातील एकाच जनावरास त्रास आहे की अनेकांस? घरातील माणसांच्या अंगावरही काही उठले आहे काय?

या पाच प्रश्नांची उत्तरे टिपून ठेवून ती पशुवैद्यकास सांगितली, तर त्याचे निम्मे काम झालेले असते.

गोचीड : रक्त पिणारी व रोग पसरविणारी

गोचीड हा कीटक नसून कोळ्याच्या जातकुळीतील जीव आहे. अंड्यातून निघालेल्या पिल्लास सहा व वाढलेल्या गोचिडीस आठ पाय असतात. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी एरंडीच्या बीसारखी दिसते. ती जनावरावरून खाली पडते, भिंतीच्या किंवा जमिनीच्या भेगेत शिरते व अंडी घालून मरते. आपल्याकडे सर्रास आढळणाऱ्या लहान पायांच्या गोचिडीची एक मादी दोन ते तीन हजारांपर्यंत अंडी घालते. पिल्ले गवताच्या टोकांवर अगर गव्हाणीच्या फटींत उपाशी राहून कित्येक आठवडे जनावराची वाट पाहू शकतात.

रक्त जाऊन जनावर खंगते व दूध घटते, हे तर सर्वांस दिसते. परंतु मोठा धोका याहून निराळा आहे. लांब व पट्टेदार पायांची, चपळ, तपकिरी गोचीड थायलेरिया नावाच्या रोगाचे जंतू एका जनावरातून दुसऱ्यात नेते. यात १०४ अंशांवर ताप चढतो, खांद्यापुढील व मांडीपुढील गाठी सुजतात, जनावर चारा सोडते व डोळ्यांच्या आतील बाजू फिकट पडते. लहान पायांची गोचीड बबेसिया नावाचे जंतू पसरविते. त्यात तापाबरोबर लघवी कॉफीसारखी लाल-काळी होते. देशी गुरे या दोन्ही रोगांस बरीच तोंड देतात. जर्सी व होल्स्टिन यांच्यापासून निपजलेल्या संकरित गायी व त्यांची वासरे मात्र लवकर बळी पडतात. या दोन्ही रोगांवर गुणकारी औषधे आहेत, पण ती वेळेवर टोचली गेली पाहिजेत. म्हणून गोचिडी असलेल्या जनावरास ताप आला, तर एक दिवसही वाट पाहू नये. रक्ताचा नमुना तपासून घ्यावा व औषध पशुवैद्यकाकडूनच टोचून घ्यावे.

गोचिडींचा बंदोबस्त

पुष्कळ शेतकरी जनावरावर औषध फवारतात आणि पंधरा दिवसांनी गोचिडी पुन्हा आल्या म्हणजे औषधास दोष देतात. खरे कारण असे की, अंडी व पिल्ले गोठ्यात व परिसरातच राहिलेली असतात. जनावर, गोठा व परिसर या तिन्हींचा बंदोबस्त एकाच वेळी केला, तरच गोचिडी हटतात.

जनावरासाठी डेल्टामेथ्रिन, ॲमिट्रॅझ यांसारखी जनावरांकरिता म्हणून विकली जाणारी औषधेच पशुवैद्यकाच्या सल्ल्याने वापरावीत. पाण्यात मिसळण्याचे प्रमाण बाटलीवर छापलेले असते. ते मापाने मोजावे, झाकणाने किंवा अंदाजाने नव्हे. कमी औषधाने गोचिडी मरत नाहीत, उलट त्या औषधास सरावतात. जास्त औषधाने जनावरास विषबाधा होते. जनावरास आधी पोटभर पाणी पाजावे, म्हणजे ते ओले अंग चाटणार नाही. सकाळी अगर सायंकाळी, ऊन व पाऊस नसताना, कान, पोळी, काखा व शेपटीचे बूड भिजेल असे औषध लावावे. डोळे, तोंड व उघड्या जखमा सांभाळाव्यात. फवारणाऱ्याने हातमोजे घालावेत, नाकातोंडास फडके बांधावे आणि काम संपताच साबणाने स्वच्छ व्हावे. लहान पायांच्या गोचिडीचा जनावरावरील मुक्काम सुमारे तीन आठवड्यांचा असतो. त्या बेताने पुढची फवारणी पशुवैद्यकास विचारून ठरवावी. ॲमिट्रॅझ घोड्यास लावू नये.

गोठ्यातील भिंतींच्या भेगा लिंपून बुजवाव्यात व भिंतीस चुना द्यावा. दगडी वा सिमेंटच्या गोठ्यात भेगांवरून ज्योत फिरवून अंडी जाळता येतात. मात्र गवती छप्पर किंवा जवळ कडबा असेल तेथे हा उपाय करू नये. शेणकचरा गोठ्यापासून दूर खड्ड्यात टाकावा. सकाळी गुरे चरावयास गेल्यावर कोंबड्या गोठ्यात सोडल्यास त्या पडलेल्या गोचिडी वेचून खातात. नवे जनावर विकत आणल्यास ते स्वच्छ करून काही दिवस वेगळे बांधावे. पूर्वी गोचिडींसाठी सर्रास वापरली जाणारी बी.एच.सी. पावडर आपल्या देशात १९९७ पासून बंद झाली आहे. कोणाच्या घरी जुना साठा असेल, तर तो वापरू नये.

खरूज, उवा व गजकर्ण

या तिन्हींत केस गळतात, म्हणून घोटाळा होतो. खरूज कातडीत बिळे करणाऱ्या अतिसूक्ष्म किडीमुळे होते. खाज इतकी असते की जनावर खांबास अंग घाशीत राहते. कातडी जाड होऊन तीस सुरकुत्या पडतात. शेळ्यांत आरंभ बहुधा तोंड व कान यांपासून होतो. उवा म्हशींत व वासरांत, विशेषतः हिवाळ्यात, पडतात. खाज येथेही असते, परंतु केस बाजूस सारल्यास उवा व केसांना चिकटलेली त्यांची अंडी डोळ्यांनी दिसतात. गजकर्ण बुरशीमुळे होते. वासरांच्या डोळ्यांभोवती, तोंडावर व मानेवर राखी रंगाच्या खपल्यांचे गोल चट्टे उठतात, पण खाज थोडीच असते.

खरजेसाठी कातडी खरवडून नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. त्यावर आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन देतात. दुभत्या जनावरास ते देण्यापूर्वी दुधाविषयी पशुवैद्यकास अवश्य विचारावे. गजकर्णावर खपली साबणाच्या पाण्याने मऊ करून काढावी व आयोडिन लावावे. खपल्या जाळून टाकाव्यात. खरूज व गजकर्ण माणसासही लागू शकतात. म्हणून मोजे घालूनच काम करावे. अशा जनावराचा खरारा व झूल दुसऱ्यास वापरू नये.

अंगावर गाठी येणे

अंगभर दोन ते पाच सेंटिमीटरच्या टणक, गोल गाठी, ताप, डोळ्यांनाकांतून पाणी व पायांवर सूज अशी लक्षणे दिसल्यास लम्पी चर्मरोगाचा संशय घ्यावा. हा देवीच्या वर्गातील विषाणूचा रोग होय. आपल्या देशात तो प्रथम २०१९ साली ओडिशात आढळला. २०२२ मध्ये महाराष्ट्रासह अनेक राज्यांत त्याची मोठी साथ येऊन असंख्य गुरे दगावली. माश्या, डास व गोचिडी यांमुळे तो पसरतो. माणसास तो होत नाही. दूध उकळूनच प्यावे.

विषाणूवर थेट औषध नाही. जनावर ताबडतोब वेगळे बांधावे, मऊ चारा व पाणी तोंडाशी द्यावे, फुटलेल्या गाठी जंतुनाशक पाण्याने धुऊन मलम लावावे व माश्या बसू देऊ नयेत. निरोगी गुरांस वेळेवर लस टोचून घेणे हाच खरा उपाय आहे. २००९ च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोग प्रतिबंधक कायद्यान्वये अशा रोगाची खबर देणे मालकाचे कर्तव्य आहे. रोग लपवून जनावर बाजारात नेणे म्हणजे शेजारच्या दहा गावांत रोग पोहोचविणे होय.

सगळ्याच गाठी लम्पीच्या नसतात. ताप नसताना तासाभरात अंगावर चपट्या गांध्या उठल्या व पापण्या सुजल्या, तर चाऱ्यातील किंवा दंशातील वावड्या पदार्थाचा तो परिणाम असू शकतो. श्वास लागल्यास मात्र पशुवैद्यकास तत्काळ बोलवावे.

क्वचित दिसणारे तीन विकार

काळ्या-पांढऱ्या गायीची फक्त पांढरी कातडी लाल होऊन, सुकून चामड्यासारखी सुटू लागली व काळा भाग शाबूत राहिला, तर ती भाजलेली जखम समजू नये. घाणेरीचा पाला खाल्ल्याने यकृत बिघडते आणि मग उन्हाने पांढरी कातडी पोळते. डोळ्यांत पिवळेपणाही दिसतो. जनावर सावलीत बांधावे, त्या रानात चारणे बंद करावे व उपचार सुरू करावेत.

वशिंडावर न भरणारा, खाजणारा व्रण झाल्यास तो जुवामुळे झाला असे सहज वाटते. परंतु ज्या गायीच्या मानेवर कधी जू आले नाही, तिलाही तो होतो. माश्यांनी पसरविलेल्या बारीक कृमीचे ते काम असते. नुसत्या मलमाने तो बरा होत नाही.

साध्या जखमेतून दुर्गंधी येऊ लागली व रक्तमिश्रित पाणी गळू लागले, तर आसड्या पडल्या असे जाणावे. टर्पेंटाइनमध्ये भिजविलेला बोळा थोडा वेळ ठेवून बाहेर येणाऱ्या आसड्या चिमट्याने एकूण एक काढाव्यात व जखम धुऊन मलम लावावे.

माणसास गोचीड चावल्यास

गोठ्यात वावरणाऱ्यांनी हा भाग विशेष ध्यानात घ्यावा. १९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर जंगलात गोचिडींमुळे पसरणारा ताप आढळला. त्यात माकडे मरतात म्हणून त्यास माकडताप म्हणतात. २०१६ पासून तो सिंधुदुर्ग जिल्ह्यातही दिसला आहे. २०११ साली गुजरातेत क्रायमियन-काँगो नावाचा रक्तस्रावी ताप आढळला. तो गोचिडीच्या चाव्याने, तसेच बाधित जनावराच्या रक्ताच्या स्पर्शाने होतो. म्हणून गोचीड नखाने चिरडण्याची सवय सर्वथा सोडावी.

चिकटलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ व सावकाश ओढावी. रॉकेल, चुना किंवा पेटती काडी लावू नये. जागा साबणाने धुवावी व तारीख लिहून ठेवावी. पुढील दोन-तीन आठवड्यांत ताप आल्यास डॉक्टरांस चाव्याविषयी आपण होऊन सांगावे. गवतात काम करणाऱ्या माणसास ताप येऊन काखेत, कमरेस किंवा जांघेत न दुखणारी काळी खपली दिसली, तर तो स्क्रब टायफस असू शकतो. हा गोचिडीमुळे नव्हे, तर तिच्याहून कितीतरी लहान अशा माइटच्या पिल्लामुळे होतो. २०१८ साली विदर्भात त्याचे रुग्ण आढळले होते. वेळीच डॉक्टरांनी औषध दिल्यास तो बरा होतो; खपली न दिसल्यामुळे उशीर झाल्यास जिवावर बेतते. रानात मेलेले माकड दिसल्यास हात न लावता आरोग्य केंद्रास कळवावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा पाठ गावच्या बैठकीत वाचून दाखवावा व नंतर एखाद्या गोठ्यात जाऊन पाच प्रश्नांची पाहणी प्रत्यक्ष करून दाखवावी. पशुवैद्यकाच्या मदतीसाठी १९६२ हा दूरध्वनी क्रमांक गोठ्याच्या दारावर लिहून ठेवावा.

चर्चेसाठी प्रश्न

१. जनावरावर औषध फवारूनही गोचिडी पुन्हा का येतात?
२. खरूज, उवा व गजकर्ण यांतील फरक कसा ओळखाल?
३. गोचिडी असलेल्या संकरित गायीस ताप आल्यास प्रथम काय कराल?
४. पिकावरील कीटकनाशक जनावरास का लावू नये?
५. आपल्या गावात घाणेरी कोठे कोठे वाढली आहे? ती काढण्याचे काम कोण, केव्हा करील?