चुकून लिहिलेला भाव आणि व्यापाऱ्याचा शब्द

भाव एकदा तोंडातून गेला की मग नफा होवो वा खोट येवो, तो पाळावयाचा, हे शिक्षण मॅट्रिक होऊन धान्याच्या पेढीवर बसलो त्याच दिवशी मला वडिलांकडून मिळाले. परंतु तो भाव चुकून बोलला अगर लिहिला गेला असेल तर काय करावे, हा प्रश्न त्या शिक्षणात आला नव्हता. आज दुकान रात्रंदिवस उघडे असते, गिऱ्हाईक डोळ्यांसमोर नसते आणि एका शून्याची चूक क्षणात सहस्रावधी लोकांपुढे जाते. म्हणून या प्रश्नाचा विचार व्यापारी बांधवांनी नीट करून ठेवणे अगत्याचे झाले आहे.

गेल्या वर्षी आमच्या परिचयातील एका सराफ पेढीने ऑनलाइन विक्री सुरू केली. एका सोनसाखळीची किंमत 1,84,500 रुपये लिहावयाची, तेथे शेवटचे शून्य गळून 18,450 पडली. चूक रात्री झाली. सकाळी पेढी उघडेपर्यंत एकवीस साखळ्यांची मागणी नोंदली जाऊन पैसेही जमा झाले होते. सर्व मागण्या पुरवावयाच्या तर खोट जवळजवळ 35 लाखांची. नाकारावयाच्या तर नव्या पेढीच्या नावाला बट्टा. पेढीचे तरुण मालक सल्ल्यासाठी माझ्याकडे आले. त्यांना उत्तर देण्यापूर्वी मी जे वाचले व जाणकार वकिलांकडून समजून घेतले, ते येथे क्रमाने मांडतो.

1. मांडलेला भाव म्हणजे वचन काय?

सर्वसाधारण समज असा की, किंमत लिहिली म्हणजे विक्रेता बांधला गेला. कायदा तसे मानीत नाही. आपल्याकडे सन 1872 चा करार कायदा लागू आहे. त्याप्रमाणे एकाने प्रस्ताव करावा आणि दुसऱ्याने तो स्वीकारावा, तेव्हा करार होतो. दुकानातील मांडणी किंवा किंमतपत्रक हा प्रस्ताव नसून "या, पाहा आणि मागणी करा" असे निमंत्रण होय. प्रस्ताव गिऱ्हाईक करतो. तो स्वीकारणे वा न स्वीकारणे विक्रेत्याच्या हाती राहते. इंग्लंडात बूट्स नावाच्या औषधविक्रेत्या कंपनीच्या खटल्यात 1953 साली हाच निर्णय झाला. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1951 साली कूर्गमधील मर्कारा, म्हणजे आजचे मडिकेरी, येथील एका बंगल्याच्या प्रकरणी असेच ठरविले. गिऱ्हाइकाने प्रथम 6,000 रुपये देऊ केले होते. मालकाने तारेने कळविले की, दहा हजारांच्या खाली देणार नाही. तेवढ्यावरून दहा हजारांस विकण्याचा प्रस्ताव झाला असे न्यायालयाने मानले नाही.

संकेतस्थळावरील दागिन्यासही हाच न्याय लागतो. मात्र येथे एक सावधगिरी हवी. मागणी होताच यंत्राकडून आपोआप उत्तर जाते. त्यात "आपली मागणी पोहोचली" एवढेच असेल तर ती पोच झाली. "आपली मागणी मंजूर केली" असे असेल तर ती स्वीकृती ठरू शकते. मग "सौदाच झाला नव्हता" हे म्हणणे दुबळे पडते. पेढीच्या अटींत कोणते शब्द आहेत, यावर येथे पुष्कळ अवलंबून असते.

2. सौदा झालाच असेल तर चुकीचे काय?

करार कायद्याचे कलम 20 सांगते की, महत्त्वाच्या वस्तुस्थितीविषयी उभय पक्षांची चूक असेल तर करार रद्दबातल होतो. परंतु कलम 22 प्रमाणे चूक एकाच पक्षाची असेल तर केवळ तेवढ्यावरून त्याला सौदा मोडता येत नाही. म्हणजे 1,84,500 ऐवजी 1,78,500 लिहिले गेले, विक्रेत्याने मागणी मंजूर केली आणि गिऱ्हाइकाला त्यात काही वावगे वाटण्याचे कारण नव्हते, तर ती खोट विक्रेत्याचीच.

परंतु दुसऱ्या बाजूस चूक ठाऊक असेल तर? कलम 13 म्हणते की, दोघांनी एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य करणे म्हणजे संमती. समोरचा चुकतो आहे हे जाणूनच ज्याने होकार दिला, त्याची संमती खरी कशी? लंडनमध्ये 1939 साली सशांच्या कातड्यांचा एक खटला चालला, तो आम्हां धान्यवाल्यांस सहज कळण्याजोगा आहे. बोलणी झाली होती नगाच्या भावाने; लेखी भाव चुकून पौंडाच्या वजनावर गेला. एका पौंडात सुमारे तीन कातडी बसत, म्हणजे भाव तिसऱ्या हिश्शावर आला. जणू पोत्याचा भाव सांगावयाचा तो क्विंटलचा सांगितला! खरेदीदार त्याच धंद्यातला. त्याला चूक कळली असलीच पाहिजे, असे म्हणून न्यायालयाने त्याचा दावा फेटाळला.

आपल्या काळाला जवळचे प्रकरण सिंगापूरचे. जानेवारी 2003 मध्ये तेथील एका संकेतस्थळावर 3,854 डॉलरचे छपाईयंत्र चुकून 66 डॉलरला लागले. सहा जणांनी मिळून 1,606 यंत्रे मागविली आणि यंत्राने आपोआप मंजुरीही धाडली. 2004 साली न्यायालयाने ठरविले की, या खरेदीदारांना चूक माहीत होती, म्हणून करार निरर्थक होय. 2005 साली अपिलातही तोच निर्णय कायम राहिला.

दागिन्यांत ही कसोटी विशेष स्पष्टपणे लागते. सोन्याचा भाव रोज जाहीर होतो. साखळीचे वजन व शुद्धता तेथेच लिहिलेली असते. मजुरी आणि तीन टक्के कर बाजूला ठेवला तरी नुसत्या धातूच्या दशांश किमतीत दागिना कोणी विकणार नाही, हे घरातील वडील बाईसुद्धा सांगेल. मात्र खडे, हिरे वा मुलाम्याचे दागिने यांचे तसे नाही. तेथे निम्मी किंमतही सवलत म्हणून खरी वाटू शकते, आणि "गिऱ्हाइकाला ठाऊक होते" हे सिद्ध करणे कठीण जाते.

3. ग्राहक कायद्याची बाजू

एवढ्यावरून विक्रेत्याने निर्धास्त होऊ नये. 2014 साली एका मोठ्या ऑनलाइन बाजारात 23,499 रुपयांचा लॅपटॉप 190 रुपयांस लागला. कायद्याच्या एका विद्यार्थ्याने तो मागविला. कंपनीने मागणी रद्द केली. 2021 साली ओडिशाच्या राज्य ग्राहक आयोगाने कंपनीला भरपाई व दंड मिळून 40,000 आणि खर्चाचे 5,000 रुपये देण्यास सांगितले. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये विकावयाचाच नाही असा स्वस्त भाव दाखवून गिऱ्हाईक ओढणे ही अनुचित व्यापारी प्रथा होय. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार, कंपनी स्वतः मागणी रद्द करताना तसाच भुर्दंड सोसणार नसेल, तर रद्द करणाऱ्या ग्राहकावर तिला तो लादता येत नाही. तात्पर्य, चूक प्रामाणिक होती हे दाखविण्याचा भार व्यवहारतः विक्रेत्यावरच येतो, आणि ते त्याच्या नंतरच्या वागणुकीवरून दिसते.

4. आपल्या धर्माची कसोटी

येथवर कायदा झाला. आता श्रावकाचा विचार करू. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत; त्यांत एक 'न्यासापहार' आहे. ठेव ठेवणारा आपली रक्कम विसरला आणि थोडी कमीच मागू लागला. तेव्हा "होय, तेवढीच होती" म्हणून उरलेली आपल्याकडे ठेवणे, असा त्याचा अर्थ टीकाकारांनी केला आहे. लक्षात घ्यावे की, येथे ठेव घेणाऱ्याने चोरी केली नाही, लबाडीचा कागदही केला नाही. दुसऱ्याची चूक ओळखून तिला फक्त मान हलविली. तरीही ते व्रताला लागलेले दूषण ठरले. सिंगापूरच्या न्यायालयाने विचारलेला प्रश्न तोच होता: तुला ठाऊक होते काय?

या अतिचारात मी स्वतः एकदा सापडलो आहे. 1982 साली परगावच्या एका आडत्याने जोंधळ्याचा भाव कळविताना 170 ऐवजी 107 लिहिले. बाजार मला पाठ होता; चूक क्षणात कळली. तरी मी तातडीने चाळीस क्विंटलांस मंजुरीची तार केली. त्या सद्गृहस्थाने शब्द राखून माल धाडला, तक्रारीचे अक्षर लिहिले नाही. वडिलांनी वही पाहिली, मला काही बोलले नाहीत. फक्त फरकाच्या 2,520 रुपयांचा ड्राफ्ट माझ्याच हाताने भरावयास लावला. त्या दिवशी वाटलेली शरम अजून गेलेली नाही.

5. व्यवहारात काय करावे?

त्या सराफ बांधवांस मी पुढील गोष्टी सांगितल्या.

(अ) चूक कळताच, त्याच दिवशी, सर्वांस कळवावे. मौन हेच पुढे लबाडीसारखे दिसते.

(आ) मागणीची वाट न पाहता संपूर्ण रक्कम परत करावी.

(इ) किंमत कशी चुकली ते सरळ लिहावे. "काही तांत्रिक कारणाने" अशी मोघम भाषा वापरू नये.

(ई) चूक बेताची असेल, अथवा गिऱ्हाइकाने निखळ विश्वासाने मागणी केली असेल, तर खोट सोसून शब्द पाळावा.

(उ) नवा भाव दुसऱ्या माणसाने वाचल्याखेरीज संकेतस्थळावर जाऊ देऊ नये. जमाखर्चाच्या वहीचा ताळा आपण रोज घेतो. हाही ताळाच होय.

त्यांनी तसे केले. एका गृहस्थाने एकट्यानेच सहा साखळ्या मागविल्या होत्या. ते प्रथम रागावले, मग पैसे घेऊन स्वस्थ बसले. परंतु एका मुलीने पहिल्या पगारातून आईसाठी साखळी मागविली होती. चांदीवर सोन्याचा मुलामा असेल अशी तिची समजूत होती. वर्णन तिने नीट वाचले नव्हते. तिच्याकडे लोभ नव्हता, जाण नव्हती. कायद्याने तिला साखळी देणे भाग होते की नाही, यावर वकिलांत दोन मते पडली. पेढीने वाद न घालता तिला 18,450 रुपयांतच ती साखळी दिली. हा निर्णय मी सुचविलेला नव्हता. त्या तरुण मालकांचा होता, आणि मला तो योग्य वाटला.

सारांश, चुकीचा भाव प्रत्येक वेळी पाळलाच पाहिजे असे कायदा म्हणत नाही आणि धर्मही म्हणत नाही. विकणाऱ्याने आपल्या हलगर्जीपणाचा भार दुसऱ्यावर टाकू नये, आणि घेणाऱ्याने दुसऱ्याची चूक आपली कमाई मानू नये. आपण व्यापारी सकाळी विकतो आणि दुपारी विकत घेतो. म्हणून हे दोन्ही नियम आपल्या प्रत्येकासच लागू आहेत.