वर्गाबाहेरचें गणित

प्रत्येक वर्गांत एखाददुसरा विद्यार्थी असा असतो कीं, त्याचीं उदाहरणें इतरांच्या अर्ध्या वेळांत संपतात व उरलेला वेळ तो खिडकीबाहेर पाहण्यांत घालवितो. अशा मुलास अथवा मुलीस काय द्यावें? पुष्कळ पालकांस वाटतें कीं, पुढील इयत्तेचें पुस्तक आधींच हातीं द्यावें. आम्हांस हें मान्य नाहीं. त्यामुळें पुढच्या वर्षीं तीं मुलें दुप्पट कंटाळतात, एवढेंच. त्यांस याच इयत्तेच्या गणितांत खोल उतरण्याची संधि हवी असते.

ती किती थोड्या साहित्यांत मिळते, हें नाशिकजवळील देवळाली येथील शाळाशिक्षक दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (1905–1986) यांनीं दाखविलें. 1949 सालीं मद्रासच्या गणित परिषदेंत त्यांनीं मांडलेली गोष्ट पाहा. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमानें मांडून मोठींतून लहान वजा करावी आणि आलेल्या उत्तरावर हीच कृति पुनः करावी. उत्तर तीन अंकी आल्यास आरंभीं शून्य धरावें. अमेरिकन मिशनचें काम आपल्या नगरास सुरू झालें तें साल 1831 घेऊं :

8311 − 1138 = 7173
7731 − 1377 = 6354
6543 − 3456 = 3087
8730 − 0378 = 8352
8532 − 2358 = 6174

यापुढें 7641 − 1467 म्हणजे पुनः 6174 च! कोठूनही निघा, जास्तींत जास्त सात वजाबाक्यांत येथेंच मुक्काम होतो.

येथें बहुतेक मुलें टाळ्या वाजवितात, एखादाच विचारतो, “असें कां?” त्याच्यासाठीं हा लेख. उतरत्या क्रमानें अंक अ, ब, क, ड धरल्यास वजाबाकी 999(अ−ड) + 90(ब−क) इतकी होते. म्हणजे उत्तर केवळ दोन फरकांवर अवलंबून असून त्यास 9 नें निःशेष भाग जातो. पहिला फरक 1 ते 9 पैकीं कोणताही. दुसरा शून्यापासून पहिल्याइतका. असे जोड मोजले तर 54 च भरतात. तेव्हां 8991 संख्या तपासण्याचें कारण उरलें नाहीं. 54 उत्तरें पाहिलीं म्हणजे झालें. वही, पेन्सिल व एक दुपार पुरे.

अशा अभ्यासास वाहिलेल्या संस्थाही आहेत. श्रीराम अभ्यंकर यांनीं 1976 सालीं पुण्यांत भास्कराचार्य प्रतिष्ठान स्थापिलें. तेथें शाळकरी मुलांचें गणित ऑलिंपियाडसाठीं शिक्षण होत आलें आहे. या आंतरराष्ट्रीय स्पर्धेस भारताचा संघ 1989 सालीं प्रथम गेला आणि 1996 सालीं ती मुंबईंतच भरली. तेथें दोन दिवसांत अवघीं सहा उदाहरणें. रोज तीन उदाहरणांसाठीं साडेचार तास! शाळेच्या परीक्षेंत घाईस मार्क मिळतात, तेथें चिकाटीस.

“यानें मार्क वाढतील काय?” असें पालक विचारतात. वाढतीलच असें नाहीं. मात्र एका उदाहरणापुढें आठवडाभर न हरतां बसणें ही संवय शिकवणीच्या वर्गांत विकत मिळत नाहीं. आमचा अनुभव तर असा कीं, झटपट उत्तर देणारा पुष्कळदां दुसऱ्या दिवशीं गळतो, आणि मागच्या बांकावरील अबोल मुलगी टिकून राहते.

आतां तीन अंकी संख्यांचा मुक्काम कोठें, तें शोधा. दोन अंकी संख्यांची गाडी मात्र कोठेंच थांबत नाहीं, त्याच पांच स्थानकांभोंवतीं फिरत राहते. तीं स्थानकें कोणतीं व ती कां थांबत नाहीं, हें ज्यास सांगतां येईल त्यानें वही घेऊन मधल्या सुटींत आमच्याकडे यावें.