मुलींनो, हाडांची कणगी वेळीच भरा

पाठीत बाक आलेली आजी दिसली की आपण म्हणतो, "जन्मभर वाकून भाताची लावणी केली, वाकणारच." कामाने पाठ दुखते हे खरे, परंतु उंची चार बोटे कमी होऊन पाठ कायमची वाकते तेव्हा पुष्कळदा मणके आतून विरळ होऊन दबलेले असतात. डॉक्टर ह्या विकारास ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. आपण हाडे ठिसूळ होणे म्हणू. ह्यात ताप नाही, आधी दुखणे नाही. अंगणात पाय घसरतो, मनगट किंवा खुबा मोडतो, तेव्हाच कळते. खुबा मोडलेली बाई पुष्कळदा पुन्हा शेताचा बांध चढत नाही.

मग हा पाठ आम्ही तरुण मुलींपुढे का ठेवतो? कारण हाड म्हणजे कणगीच. मुलगी अठरा वर्षांची होईपर्यंत तिच्या हाडांतील सुमारे नव्वद टक्के साठा झालेला असतो. तिशीपर्यंत थोडी भर पडते. पुढे काढणेच काढणे. पाळी गेल्यावर हाडे राखणारे इस्ट्रोजेन घटते आणि खर्च एकदम वाढतो. म्हणून अठराच्या आत लग्न लावू नये, ह्यास कायद्याखेरीज हेही कारण आहे: मुलीची स्वतःची कणगी भरायची असताना तिच्यावर बाळंतपणाचा भार पडतो.

कणगीत भरायचे काय? मुख्यतः कॅल्शियम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ स्त्रीस दिवसाला १००० मिलिग्रॅम लागते, अंगावर पाजणाऱ्या आईस १२००. आता आपले ताट पाहू. शंभर ग्रॅम पांढऱ्या तांदळात कॅल्शियम दहा मिलिग्रॅमही नाही. तेवढ्याच नागलीत साडेतीनशेच्या आसपास! सायलीच्या वरकस उतारावर आजे-पणजे जे धान्य पिकवीत, ते "गरिबाचे" म्हणून आपण सोडले आणि ताटात भातावर भात वाढू लागलो. नागली भिजवून मोड आणून दळली तर तिच्यातील कॅल्शियम अंगी अधिक लागते. जोडीला शेवग्याचा पाला, तीळ, काट्यासकट खाल्लेली बारीक सुकी मासळी. पालकात कॅल्शियम आहे, पण ते फारसे शोषले जात नाही.

आणि दूध. दोन पेले दुधाने जवळजवळ निम्मी गरज भागते. पण गोठ्यातले दूध विकायला जाते, उरलेले मुलग्याला मिळते आणि मुलगी कोरा चहा पिते. बापांनो, हे तुम्हांला उद्देशून आहे.

कॅल्शियम शोषले जाण्यास ड जीवनसत्त्व लागते, ते उन्हातून मिळते. शेतावर राबणाऱ्या बाईस ऊन मिळते. सिल्वासाच्या कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्या मुलीस दिवसचे दिवस मिळत नाही. तिने सुटीच्या दिवशी तरी हातपाय उघडे ठेवून थोडा वेळ उन्हात काम करावे. हाडावर भार पडला तरच ते बळकट होते. सायकल चांगली, पण ह्या कामी चालणे, धावणे, दोरीवरच्या उड्या अधिक उपयोगी. विडी व दारू हाडांच्या वैरी आहेत.

एक इशारा. दम्यावर किंवा सांधेदुखीवर कोणी नाव न सांगता पुडीतून गोळ्या देत असेल तर घेऊ नका. त्यात स्टेरॉइड असू शकते आणि ते महिनोन्‌महिने पोटात गेले तर हाडे पोखरते. मात्र डॉक्टरांनी लिहून दिलेले स्टेरॉइड आपल्या मनाने एकदम बंद करू नये, त्यांनाच विचारावे. घरात आईचा किंवा आजीचा खुबा मोडला असेल, किंवा पाळी फार लवकर गेली असेल, तर सिल्वासाच्या विनोबा भावे रुग्णालयात दाखवून हाडांची तपासणी हवी का ते विचारावे.

आता नागलीचे. दहा गुंठे वरकस पुरे. अर्धा किलो बी जूनमध्ये रोपवाटिकेत टाकावे, तीन-चार आठवड्यांची रोपे लावावीत. पाणी साचेल तेथे लावू नये. पहिले पीक विकू नका.