मीटरचे दिवे लागत नाहीत?

प्रश्न : जुन्या कारचे पार्किंग लाइट लागतात, पण रात्री मीटरमागचा उजेड पडत नाही. दोष कसा शोधावा?

उत्तर : बहुतेक जुन्या गाड्यांत मीटरच्या दिव्यांना वीज पार्किंग लाइटच्या स्विचमधून, फ्यूजमार्गे मिळते. त्यामुळे आधी लक्षण नीट पाहावे. एखाद-दुसराच कोपरा अंधारा असेल, तर तेवढाच बल्ब गेलेला असतो. सगळेच दिवे बंद असतील, तर फ्यूज, उजेड कमी-जास्त करणारा डिमर किंवा अर्थिंग यांत दोष संभवतो. खड्ड्यात गाडी आदळल्यावर दिवे लुकलुकत असतील, तर होल्डर किंवा जोडणी सैल आहे असे समजावे.

पहिली तपासणी फ्यूजची. तो बदलताना तेवढ्याच अँपिअरचा घालावा. जास्त क्षमतेच्या फ्यूजमुळे वायर तापून जळू शकते. नंतर डिमर दोन्ही टोकांपर्यंत काही वेळा फिरवावा. दिवे क्षणभर लागले, तर त्याचे संपर्क खराब झाले आहेत.

मीटर बाहेर काढण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवावी. मागचे होल्डर सहसा पाव फेरा फिरवल्यावर निघतात. बल्ब त्याच व्होल्टेज-वॅटचा बसवावा, गंजलेले संपर्क हलकेच घासावेत आणि प्रिंटेड सर्किटची पट्टी कुठे तुटली आहे का ते पाहावे. एलईडी लावल्यास आणि ती न लागल्यास उलटी करून बसवावी.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल, तर वायरिंगमध्ये शॉर्ट आहे. अशा वेळी गाडी ऑटो इलेक्ट्रिशियनकडेच न्यावी.