दाब कुठे हवा, कुठे नको

गणपतीच्या आधीचे दोन-तीन महिने लालबाग-परळमध्ये कुणाला मान वर करायला फुरसत नसते. मंडळांचे बॅनर, पाटपूजनाच्या पत्रिका, आगमनाचे टी-शर्ट करणाऱ्या आमच्यासारख्यांना तर नाहीच. नेमक्या त्याच दिवसांत एका सकाळी माझ्या टॅब्लेटच्या पेनाचा दाब गेला. कर्सर फिरत होता, रेघही उमटत होती. पण पेन हलके टेकवा नाहीतर जोर लावा, जाडी एकच. मदतीला असलेला मुलगा पेन घेऊन तडक लॅमिंग्टन रोडला गेला. तिथल्या काउंटरवर पेन हातात घेताक्षणी निकाल लागला: ‘गेलंय, नवीन घ्या.’ तो नवीन घेऊन आला आणि ते आमच्या टॅब्लेटला चालेचना. एका मॉडेलचे पेन दुसऱ्याला चालेलच असे नसते, कंपनी तीच असली तरी.

जुने पेन ठणठणीत होते. बिघाड कॉम्प्युटरमध्ये होता. आधीच्या, दुसऱ्या कंपनीच्या टॅब्लेटचा ड्रायव्हर आत तसाच पडून होता आणि विंडोज अपडेट झाल्यावर दोन ड्रायव्हरांची जुंपली होती. दोन्ही काढून, कॉम्प्युटर पुन्हा सुरू करून, हवा तोच ड्रायव्हर घातला आणि दाब परत आला. नव्या पेनाचे पैसे मात्र गेले ते गेलेच. त्यानंतर ओळखीतली कॉलेजची मुले आपापली टॅब्लेट घेऊन माझ्याकडे येऊ लागली. तेव्हापासून जे दिसत आले, ते एकदा नीट मांडून ठेवतो.

दाब गेला की पहिली शंका पेनावर घेऊ नका. पेनाच्या टोकापासून पडद्यावरच्या रेघेपर्यंत दाबाला चार नाकी ओलांडावी लागतात: पेन, ड्रायव्हर, विंडोज किंवा मॅक, आणि शेवटी चित्राचे सॉफ्टवेअर. तपासही त्याच क्रमाने करायचा.

आधी टॅब्लेटच्या ड्रायव्हरची खिडकी उघडा. तिथे पेनाच्या पानावर दाब दाखवणारी पट्टी किंवा चाचणीची चौकट असते. तिथे दाब वरखाली होत असेल तर पेन शाबूत आहे, खिशात हात घालायचे कारण नाही. होत नसेल तर जुने-नवे सगळे टॅब्लेट ड्रायव्हर काढा, कॉम्प्युटर पुन्हा सुरू करा आणि कंपनीच्या साइटवरून आपल्याच मॉडेलचा ड्रायव्हर घ्या. एवढे करूनही पट्टी हलली नाही, तर मग पेनाकडे बोट दाखवा.

ड्रायव्हरमध्ये दाब आहे, पण चित्रात नाही, अशी तक्रार सर्वांत जास्त येते. विंडोजवर पेनाचा दाब सॉफ्टवेअरपर्यंत दोन वाटांनी पोचतो: जुनी विनटॅब आणि नवी विंडोज इंक. ड्रायव्हर एका वाटेने पाठवतो आणि सॉफ्टवेअर दुसऱ्या वाटेवर उभे असते, म्हणून चुकामूक होते. वॅकॉमच्या ड्रायव्हरमध्ये ‘यूज विंडोज इंक’ अशी खूण असते. फोटोशॉपला दाब मिळत नसेल तर आधी ती बघा. क्रिटा हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि त्याच्या सेटिंगमधल्या टॅब्लेटच्या पानावर यांतली वाट निवडता येते, शिवाय चाचणीची सोयही आहे. वाट बदलली की क्रिटा बंद करून पुन्हा उघडायचे. मॅक असेल तर प्रायव्हसीच्या पानावर ड्रायव्हरला ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ आणि ‘इनपुट मॉनिटरिंग’ या दोन परवानग्या दिल्यात का ते पाहा. सिस्टिम अपडेट झाल्यावर त्या पुन्हा द्याव्या लागतात, असे अनेकदा दिसले आहे.

शेवटचे नाके ब्रशचे. फोटोशॉपमध्ये ब्रशच्या सेटिंगमधल्या ‘शेप डायनॅमिक्स’मध्ये जाडीचा ताबा ‘पेन प्रेशर’कडे दिलेला नसेल, तर वरचे सगळे ठीक असूनही रेघ सपाटच येणार. दुसरा ब्रश घेऊन बघितले की अर्ध्या मिनिटात कळते.

आता दुकानात ऐकवल्या जाणाऱ्या आकड्यांविषयी. दाबाच्या पायऱ्या 1024, 2048, 4096, 8192 अशा दुपटीने वाढत आता 16384 वर पोचल्या आहेत. रेघ शून्यापासून 60 पिक्सेलपर्यंत जाड होणार असेल, तर 2048 पायऱ्यांतही एकेका पिक्सेलला जवळजवळ 34 पायऱ्या येतात. डोळ्याला याहून जास्त काय दिसणार? दुकानात आकडा विचारू नका, पेन हातात मागा. अगदी हलक्या स्पर्शाला रेघ सुरू होते का आणि उचलताना ती तुटते की निमुळती होत जाते, हे बघा. लालबागच्या कारखान्यांत मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणारे कारागीर बघितले असतील, तर ब्रश टेकताना आणि उचलतानाच सगळे कसब लागते हे सांगायला नको.

दाब मिळाला, तरी तो आपल्या हाताला जुळवायचे काम राहते. ड्रायव्हरमध्ये त्यासाठी मऊ-कडक असा सरकता ठोकळा किंवा एक वक्ररेषा असते. आडव्या अक्षावर हाताचा दाब, उभ्यावर सॉफ्टवेअरला मिळणारा दाब. वक्र वर फुगवला की हलक्या हातालाही जाड रेघ मिळते, खाली झुकवला की जड हाताची रेघ आवरते. पूर्ण जाडीसाठी पेन रेटावे लागत असेल, तर वक्राचे उजवीकडचे टोक डावीकडे ओढा. हे टाळून जोर लावत राहणाऱ्या मुलांचे अंगठे आणि मनगटे दुखायला लागलेली मी पाहिली आहेत. दुखणे रेंगाळले तर डॉक्टरांना दाखवा. पण आधी वक्र मऊ करा. आणि तो एकाच जागी बदला. ड्रायव्हरमध्येही वक्र आणि क्रिटातही वक्र ठेवला, तर एकावर एक चढून हाताला काहीच अंदाज येत नाही.

वक्र जुळवताना बसायचे कसे, हे कुणी सांगत नाही. आमच्याकडे दहा बाय बाराच्या खोलीत काम चालते. कुणी टेबलावर काढतो, कुणी मांडी घालून पाटावर, कुणी पलंगावर लोडाला टेकून. प्रत्येक बैठकीत हाताचे वजन पेनावर वेगळे पडते. ज्या बैठकीत रोज काढणार, त्याच बैठकीत वक्र लावा. लोखंडी टेबल टाळा. चार्जर आणि मोबाइल टॅब्लेटखाली किंवा शेजारी ठेवू नका. टॅब्लेट पेनाची जागा चुंबकीय क्षेत्रावरून ओळखतो, त्यामुळे या वस्तूंनी रेघ थरथरू शकते आणि दोष मात्र हाताला लागतो. ऑगस्टच्या दमटपणात तळहात चिकटतो, तेव्हा करंगळी-अनामिकेचा हातमोजा कामाला येतो.

मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते पुढेच. आपल्या अक्षरांची जाडी-बारीकी मुळात दाबातून आलेलीच नाही. बोरूचे टोक रुंद आणि तिरके कापलेले असते. ते ठरलेल्या कोनात धरून हात फिरवला की एका दिशेची रेघ जाड आणि दुसरीची बारीक येते. टोक साधारण 45 अंशांत धरले की उभी काठी आणि शिरोरेषा एकाच जाडीच्या येतात. जोर वाढवून बोरूची रेघ रुंदावत नाही. मुले मात्र सुलेखनाला गोल ब्रश घेतात, दाबाने जाडी बदलू देतात आणि मग शिरोरेषा लाटांसारखी का येते म्हणून वक्राशी झटापट करत बसतात. अशा वेळी वक्राला हात लावू नका. चपटे टोक घ्या, कोन पक्का करा आणि जाडीवरचा दाबाचा ताबा काढून टाका. अक्षरे एकदम बसतात.

नाटकांच्या जाहिरातींतली कमल शेडगे यांची अक्षरे आठवा. शिवाजी मंदिर किंवा साहित्य संघाच्या वाटेवर त्या नावांनी पावले थांबत. ती रचलेली, आखलेली अक्षरे आहेत. तशा कामातही दाबाला जागा नाही, बाह्यरेषा काढून आत भरायचे असते. याउलट 1960 मध्ये सुरू झालेल्या ‘मार्मिक’मधली बाळ ठाकरे यांची व्यंगचित्रे पाहा. तिथे ब्रशची रेषा जाड होते, निमुळती होते, आणि चेहरा त्यातूनच बोलतो. असे काम करायचे असेल तर दाब हवाच आणि वक्रावर वेळ घालवणे सार्थकी लागते. म्हणून सेटिंग उघडण्याआधी स्वतःला एकच विचारा: या रेघेची जाडी दाबाने बदलायची आहे की कोनाने, की मुळीच नाही? तिन्हींसाठी तीन वेगळे ब्रश नाव देऊन ठेवा.

बॅनरवाल्यांना आणखी एक इशारा. ए-फोरएवढ्या कागदावर 1 मिलिमीटरची थरथर दिसतही नाही. तेच चित्र फ्लेक्सवर 20 पट मोठे झाले की ती 2 सेंटिमीटरची होते आणि सगळ्या गल्लीला दिसते. मंडळाच्या नावाची शिरोरेषा दाबाच्या ब्रशने कधीही ओढू नका.

पेनाची निगा सोपी आहे. ते टोकावर उभे करून पेल्यात ठेवू नका, आतल्या दाबमापकावर सतत भार येतो. पेन नुसते जवळ नेले तरी रेघ उमटायला लागली, तर तोच अडकलाय असे समजा. टोक झिजून तिरके झाले की बदला. जास्तीची टोके बहुधा पेनासोबतच येतात.

सगळे जुळले की ड्रायव्हरच्या सेटिंगचा बॅकअप काढा आणि वक्राच्या खिडकीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. हंगामाआधीच ड्रायव्हर अपडेट करून घ्या आणि एकदा संपूर्ण बॅनर करून बघा. पाटपूजनाची पहिली ऑर्डर हातात पडली की विसर्जनापर्यंत अपडेटचे बटण दाबायचे नाही, विंडोज कितीही आठवण करून देवो.